आकडा शेवटी लिही

अगं, जावईबापूंच्या फोनवरून तू गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवतेस ना, ते फिरून माझ्याच काउंटरवर येतं बघ. घरमालक पाईप घ्यायला दुकानात येतो, फोन माझ्यापुढे धरतो आणि हळूच विचारतो, "ताई, हे बरोबर लावलंय का हो?" त्यात एक ओळ असते. 'दोन बाथरूम, किचन, टाकी, मटेरियलसह ८५,०००.' आता याचं मी काय उत्तर देऊ? पाईप कोणता, नळ कोणते, खोदकाम कोणाचं, टाकी कोण वर चढवणार, काहीच नाही. पंच्याऐंशी हजार जास्त की कमी, हे देवालाही सांगता यायचं नाही. मग मालक दुसऱ्या प्लंबरला विचारतो, तो म्हणतो सत्तर. त्याचीही एकच ओळ. आणि काम सत्तरवाल्याला जातं.

तुझं अक्षर चांगलं आहे, हिशोब चोख आहे, म्हणून लिहिण्याचं काम तुझ्याकडे आलं. आपल्या उमरखेडात हे घरोघरी असंच चालतं. हत्यारं त्यांच्याकडे, वही आपल्याकडे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते त्यांना नाही, तुला सांगतेय.

पहिली गोष्ट ही की भांडण आकड्यावरून होतच नाही. आकडा गिऱ्हाईक ऐकतं, थोडं ओढून धरतं आणि हो म्हणतं. भांडण होतं ते न लिहिलेल्या गोष्टीवरून. भिंतीत झिरी मारली, पाईप बसला, आता ती झिरी बुजवायची कोणी? मिस्त्री म्हणतो, फोडली त्याने, भरावी त्याने. जावईबापू म्हणतात, माझं काम पाईपपुरतं. मालक दोघांच्या तोंडाकडे बघतो आणि शेवटी म्हणतो, "एवढ्यासाठी काय वेगळे पैसे मागता बाप्पा!" एक पोतं सिमेंट आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, पण त्यापायी शेवटचा हप्ता दोन महिने अडकतो.

सार्वजनिक बांधकाम विभागाची आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची दरसूची कधी पाहिली आहेस का? साध्या एका पाईपच्या बाबीला ते चार-चार ओळी खर्च करतात. पाईप पुरवणे, जोड आणि फिटिंगसह बसवणे, भिंत फोडणे, फोडलेला भाग पूर्ववत करणे, तपासणी करून देणे, सगळं एका दमात. वाचायला रूक्ष, मान्य. पण त्या लांबलचक वाक्यातला एकेक शब्द कधीकाळी कोणीतरी कोणाशी तरी भांडल्यावरच आत आला असणार. दर तिथले घेऊ नकोस, ते सरकारी कामाचे असतात. लिहिण्याची रीत मात्र घे.

लिहायला बसण्याआधी जावईबापू जागेवर जाऊन आलेच पाहिजेत. फोनवर "दोनच बाथरूम आहेत हो" ऐकून आकडा देऊ नका. आल्यावर तू विचार. पाणी नळाचं, बोअरचं की दोन्ही? टाकी किती उंचावर बसणार? गरम पाण्याला गीझर आहे की सोलर? भिंत नुसत्या विटांची आहे की प्लास्टर झालंय? आणि जमीन कशी आहे, हे विसरू नकोस. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता चर खणून ड्रेनेजचा पाईप टाकला की दोन-तीन उन्हाळ्यांत जोड हलतो नि चेंबर कलतं. खाली मुरूम किंवा वाळूचा थर द्यावा लागतो, त्याचा खर्च असतो. टेकडीच्या अंगाने एखादं घर असलं तर हातभरावर खडक लागतो, मग ब्रेकर आणा. म्हणून खोदकाम नेहमी फुटाच्या दराने वेगळं लिही आणि खाली लिही, 'खडक लागल्यास दर वेगळा, आधी सांगून'. ढाणकी, बिटरगाव किंवा पैनगंगा ओलांडून हदगावकडचं काम असेल तर जाण्यायेण्याचा खर्चही आत्ताच धर. नंतर पेट्रोलचे पैसे मागितले की आपणच हलके दिसतो.

आता पॉइंटचं. सगळे म्हणतात, आमचा पॉइंटचा रेट अमुक. पण पॉइंट म्हणजे काय, हे कोणी लिहीत नाही. एकच बाथरूम घे. वॉल मिक्सरला गरम, गार आणि वर शॉवर, असे तीन. गीझरला आत-बाहेर दोन. बेसिनला गरम-गार दोन. फ्लश एक, जेट एक, बादलीचा नळ एक. झाले दहा. दुसरा प्लंबर मिक्सरचा एक, गीझरचा एक, बेसिनचा एक धरतो आणि त्याच बाथरूमचे सहा मोजतो. समज, तुम्ही पॉइंटला ६०० लावले आणि त्याने ९००. (हे आकडे समजण्यापुरते, बाजाराचे नाहीत.) ऐकणाऱ्याला तुम्ही स्वस्त वाटता, पण तुमचे होतात ६,००० आणि त्याचे ५,४००. काम पुरं झाल्यावर मालक मोजायला लागतो नि म्हणतो, बोलताना ६०० म्हणालात, आता हे दहा कुठून आले? तेव्हा पॉइंटचा दर सांगायचाच असेल तर पॉइंटची यादी खोलीवार लिही. यादी असली की दरावर वाद राहत नाही. नळ कुठे-कुठे हवेत हेही मालकाला तेव्हाच ठरवावं लागतं, तो फायदा वेगळाच.

माल कोण आणणार, यावर मात्र मी जरा सविस्तर बोलेन, कारण मी या बाजूला बसते आणि तू त्या.

'चांगल्या कंपनीचा पाईप' हे वाक्य खोडून टाक. 'अमुक किंवा त्याच दर्जाचं' हेही नको, त्याच दर्जाचं काय हे ठरवणार कोण? पाईपवर छापलेलं असतं तेच लिही. गरम-गार पाण्याला सीपीव्हीसी, त्याचं भारतीय मानक आयएस १५७७८. त्यातही एसडीआर ११ की १३.५ ते लिही. ११ ची भिंत जाड असते, म्हणून तो महाग पडतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतचं गरम पाणी सोसतो, साधा यूपीव्हीसी गरम पाण्यासाठी नाहीच. कोणी पैसे वाचवायला गीझरच्या लाईनला यूपीव्हीसी घालायला सांगितलं तर कोटेशनमध्ये 'गरम पाण्याची लाईन सीपीव्हीसी' एवढंच लिही, वाद घालू नकोस. मैल्याच्या लाईनला एसडब्ल्यूआर, आयएस १३५९२. त्यात टाइप ए आणि टाइप बी असतात. ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या नळीला, बी संडास-मोरीच्या लाईनला. दोन्ही दिसायला सारखेच, पण ए पातळ आणि स्वस्त. सत्तर हजारवाल्याचं गणित पुष्कळदा इथेच दडलेलं असतं. तू '११० मिमी, टाइप बी' लिहिलंस की मालक दुसऱ्यालाही विचारतो, "तुमचा कोणता?" त्याची निंदा करायची गरजच पडत नाही.

पीव्हीसीचा भाव स्थिर नसतो. कच्चा माल तेलाच्या आणि आयातीच्या भावावर हलतो, कंपन्या नवीन यादी पाठवतात आणि माझाही नाइलाज होतो. म्हणून 'हे दर १५ दिवसांपर्यंत' ही ओळ कायम ठेव. दिवाळीला दिलेलं कोटेशन होळीला दाखवणारी माणसं आहेत आपल्याकडे.

आणि कमिशनचं. लपवून काय उपयोग, दुकानदार प्लंबरला काही देतो, कंपन्या कूपन देतात, हे गिऱ्हाइकालाही माहीत आहे. त्याला न कळता मिळणाऱ्या त्या पैशांवर घर चालवायची सवय लागली की मजुरीचा दर उगाच खाली राहतो. मालक एक दिवस स्वतः दुकानात येऊन भाव विचारतो नि मग सगळ्यावरचाच विश्वास जातो. माझं मत विचारशील तर मजुरी वेगळी, माल वेगळा ठेव. मालाची यादी तू दे, नगांसकट, एल्बो, टी, एफटीए, एमटीए, बॉल व्हॉल्व्ह, सोल्युशन, टेप सगळं. बिल मालकाच्या नावाने होऊ दे. उरलेला बंद माल परत करण्याचं आत्ताच लिही. आणि माल निवडायला, मोजून घ्यायला, परत करायला जावईबापूंचा जो वेळ जातो, त्याचे पैसे मजुरीत उघडपणे लाव. माझ्या धंद्याचं नुकसान होईल असं बोलतेय, पण खरं तेच सांगतेय.

यात कराचीही सोय आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण मटेरियलसह कामं घेतली की मालाची रक्कमही तुमच्याच उलाढालीत धरली जाते आणि वीस लाख पटकन भरतात. नोंदणी नसेल तर कोटेशनमध्ये जीएसटी लावायचा नाही, तसा तो वसूल करताच येत नाही. कोणाला जीएसटीचं बिल हवं असलं तर मालाचं दुकानातून मिळेल, मजुरीचं साधं बिल, असं सरळ सांग. शाळा, बँक, कार्यालयाचं काम असेल तर एका बिलात ३०,००० च्या वर गेल्यावर ते १ टक्का टीडीएस कापतात. कोटेशनवर पॅन नंबर असू दे, नाहीतर कपात २० टक्क्यांवर जाते.

मजुरी कशी काढतेस? "सहा दिवसांचं काम, रोजचे इतके" एवढंच असेल तर तुम्ही स्वतःचेच मजूर झालात. समज, त्यांचे रोज ८००, हाताखालच्या पोराचे ५००, पेट्रोल १००. सहा दिवसांचे ८,४००. ब्लेड, बिट, मशीनची झीज असे किरकोळ ९०० धर, झाले ९,३००. पुढे कधीतरी नळ ठिबकतो म्हणून फुकट जावंच लागतं, त्याचे दहा टक्के धर, १०,२३०. आणि यावर धंद्याचे पंधरा टक्के, म्हणजे ११,८०० च्या आसपास. आता तुझ्या लक्षात येईल की ८,४०० आणि ११,८०० यांच्यामधला फरक म्हणजे नफेखोरी नाही. ज्या दिवशी काम नसतं, पाऊस असतो, मशीन बिघडते, त्या दिवसाची भाकर आहे ती.

'याच्यात धरलेलं नाही' असं एक वेगळं शीर्षक कर आणि त्याखाली मोकळ्या मनाने लिही. टाइल फोडणे व बसवणे. चेंबर आणि सेप्टिक टँकचं बांधकाम. मोटरची वीजजोडणी. नगर परिषदेच्या नळजोडणीचा अर्ज, फी आणि रस्ता फोडण्याचं शुल्क. जुन्या पाईपमधली गळती. टाकी गच्चीवर चढवण्याची माणसं. हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन होतं, तेव्हा खालचा ओटा मिस्त्रीने मजबूत करून द्यायचा, हेही इथेच येऊ दे. झिरी बुजवणं धरलं असेल तर धरलंय म्हण, नसेल तर नाही म्हण. आपल्याला वाटतं, इतकं 'नाही, नाही' लिहिलं तर गिऱ्हाईक घाबरेल. उलट आहे गं. काउंटरवर मी बघते, ज्या कागदात काय नाही ते लिहिलेलं असतं, त्या कागदातल्या बाकीच्या गोष्टींवर माणसं विश्वास ठेवतात.

पैसे कधी, तेही लिही. प्लंबिंग दोनदा होतं, आधी भिंतीतली लाईन, मग टाइल-रंग झाल्यावर नळ-कमोडची फिटिंग. मध्ये कधी चार महिने जातात, कधी मालकाचे पैसे संपतात आणि घर तसंच राहतं. म्हणून हिशोबही दोन ठिकाणी तुटला पाहिजे. सुरुवातीला इसार, झिरी बुजवण्याआधी मालकासमोर पाणी भरून, दाब देऊन दाखवलं की लाईनचे पूर्ण पैसे, फिटिंगचे वेगळे. शेवटी थोडी रक्कम मालकाकडे राहू दे, आठ दिवस नळ चालवून बघितल्यावर द्यायची. "सोयाबीन विकलं की देतो", "हळदीची पट्टी आली की देतो", "कारखान्याचं उसाचं बिल पडू दे", हे आपल्या तालुक्यात खोटं नसतं, शेतकऱ्याच्या हाती पैसा तेव्हाच येतो. पण कागदावर पीक लिहू नकोस, तारीख लिही. वाटल्यास पिकाचा अंदाज घेऊन लांबची लिही.

घरकुलाच्या कामाला वेगळा हात ठेव. केंद्राच्या निकषाप्रमाणे ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार, तेही हप्त्याहप्त्याने, आणि शौचालयाचे १२,००० वेगळे. त्या घराला वॉल मिक्सरचं कोटेशन देऊन काय उपयोग? एक संडास, एक मोरी, एक नळ, पुढे वाढवता येईल अशी एक बंद टी ठेवून दे, आणि तेवढंच लिही.

घासाघीस होणारच. "शेवटचं किती?" असं विचारल्यावर नुसते पाच हजार कमी केलेस तर मालकाला वाटतं, म्हणजे आधी पाच हजार जास्तच लावले होते. आकडा कमी करायचाच तर काम कमी करून दे. कन्सील्ड ऐवजी बाहेरून लाईन, दुसऱ्या बाथरूमला गरम पाण्याची लाईन नाही, वगैरे. नातेवाइकांना कमी लावायचं असेल तर पूर्ण रक्कम लिहून खाली 'घरचे म्हणून सूट' दाखव, नाहीतर तोच आकडा घेऊन त्यांचा शेजारी येतो.

काम चालू असताना "हे एवढं करून टाका ना" होतं, तेव्हा त्यांना सांग, तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही. तुला फोन करायचा. तू व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाक, 'गच्चीवर एक नळ वाढवला, मजुरी इतकी, माल वेगळा', आणि समोरून 'चालेल' आलं की काम सुरू. १८७२ चा करार कायदा तोंडी बोलणंही मानतो, पण तोंडी बोलणं सिद्ध कोण करणार? केलेल्या कामाच्या पैशांचा दावा साधारणपणे काम झाल्यापासून ३ वर्षांच्या आत करावा लागतो. पलीकडून गिऱ्हाइकालाही यवतमाळच्या ग्राहक आयोगात जाता येतं. दोन्ही वेळी तो कागद आणि ते 'चालेल' कामाला येतं. जबाबदारीही नेमकी लिही. आपल्या जोडातून गळती झाली तर एक वर्ष फुकट दुरुस्ती, नळ-पाईपची हमी कंपनीची. रोखीने ५,००० च्या वर मिळाले की पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही.

बाकी कागद साधा ठेव. वर तारीख आणि नंबर, मालकाचं नाव, जागा, मग काम, मग माल, मग धरलेलं नाही ते, मग पैसे कधी, आणि रक्कम सगळ्यात खाली, अंकी आणि अक्षरी. मराठीत लिही, एका पानात बसव, जागा पाहिल्यापासून दोन दिवसांत पाठव. उशीर झाला की कितीही सुंदर लिहिलेलं असो, मालकाने तोवर दुसऱ्याला इसार दिलेला असतो.

आणि एक राहिलं. जागेची मापं उतरवणं, यादी करणं, मला फोन करून भाव विचारणं, उधारीच्या मागे लागणं, हे तू रात्री भांडी आवरून करतेस आणि मजुरीच्या हिशोबात ते कुठेच नसतं. वर मी केलेल्या हिशोबातही नव्हतं बघ. पुढच्या कोटेशनपासून किरकोळ खर्चाच्या ओळीखाली 'हिशोब व लिखापढी' म्हणून तुझे पैसे धर, आणि ते आले की तुझ्या खात्यात टाक.